ती मला अडवायला आली होती

आमच्या गावात अजून सांगतात, की थोरल्याला जाऊन वर्ष झालं नव्हतं तरी आईने शर्यतीला गाडी धाडली आणि स्वतः बघायला गेली. खोटं आहे. गाडी मी नेली, तिला न विचारता. इतकी वर्षं हे ऐकून गप्प बसलो, तोही मीच.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची ती जत्रा, कडेगावच्या बाजूची. थोरला भाऊ तापाने गेला होता. तेव्हापासून आई रडलीच नव्हती. बायका म्हणायच्या, "रड गं बाई, मोकळी हो." ती चुलीतला जाळ सारखा करायची. आम्हाला भाकरी वाढायची आणि स्वतः पाणी पिऊन उठायची. दुखवट्याचं वर्ष, म्हणून बेंदराच्या सणालाही आम्ही बैलांची शिंगं रंगवली नाहीत. पण भावाचा पांढरा खोंड दावणीला माती उकरायचा, ते मला बघवेना.

जत्रेच्या सकाळी आई मळ्यात गेली आणि मी खोंड एकबैली छकड्याला जुंपला.

माळावर काय गर्दी! हलग्या कडाडत होत्या. झेंडा पडला, छकडे सुटले, आणि आमचा खोंड चालायला लागला. नुसता चालायला! मी ओरडलो, शेपटी पिरगाळली. लोक खो खो हसले.

"आरं गड्या, देवदर्शनाला निघालाय का?"

तेवढ्यात पुढून हाक आली, "हाऽऽ रं माज्या वाघा!"

भावाची हाक! रोज संध्याकाळी तो बांधावरून खोंडाला अशीच द्यायचा. शेवटच्या निशाणाजवळ आई उभी होती, अनवाणी, पदर खांद्यावर घसरलेला. मी गाडी नेल्याचं कळताच मला अडवायला ती मळ्यातून पळत आली होती, पण त्याच्या खोंडाला कुणी हसलेलं तिला सोसलं नाही, म्हणून ती हाक तिनेच दिली होती.

खोंडाने कान टवकारले आणि असा उधळला, की मी मागे पडता पडता वाचलो. एक छकडा मागे टाकला, दुसरा टाकला! नंबर कितवा आला, देव जाणे. खोंड थेट तिच्यापाशी जाऊन थांबला. तिने त्याच्या मानेला मिठी मारली आणि हंबरडा फोडला. हलग्या थांबल्या.

चुलते धावत आले. "वैनी, वरीस तरी सरू द्यायचं. लोक काय म्हणतील?"

तिने डोळे पुसले. "मीच धाडलाय त्याला. पोराला काय बोलू नगासा."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. ते मिटलेलंच राहिलं.

परतताना ती छकड्यात माझ्या मागे बसली. आता शिव्या बसणार, म्हणून मी अंग चोरून होतो.

"भाकरी हाय का रं बांधलेली?"

मी फडकं पुढे केलं. तिने कांदा फोडला आणि भाकरी खाल्ली, सगळी. मग माझ्या पाठीत बोट खुपसलं.

"लय सावकाश निघालायस. पळीव की!"