बाहेरचं नाव

"हे नाव नका ठेवू. आमच्या नातीचं आहे."

हलणारा पाळणा थांबला. रामाकोन्याच्या संत्र्याच्या बागेत, बाग राखणाऱ्याच्या दोन खोल्यांपुढे मांडव घातला होता. बुद्धवंदना आटोपली होती. बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या. बागेच्या मालकीणबाई खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर नव्या फ्रॉकची पिशवी. आवाज चढलेला नव्हता. चढवायची त्यांना गरजच पडत नाही.

मुलांनो, ते बाळ तुमच्या सुगतकाकाचं. सुगत माझ्या भावाचा मुलगा. ती बाग तो राखायचा, तिथल्याच खोल्यांत राहायचा. बाळाला सख्खी आत्या नाही, म्हणून कानात नाव सांगायचा मान माझ्याकडे आला. नाव मात्र आईने, करुणाने ठरवलं होतं. मैत्रेयी. लेक पोटात होती तेव्हापासून करुणा संत्री निवडता निवडता तिला याच नावाने हाक मारायची.

"दिवाळीत नात नागपूरहून येते," मालकीणबाई म्हणाल्या. "मी ओसरीतून मैत्रेयी म्हणून हाक मारली अन् तुमची धावत आली तर?"

"तर दोघींलेही खाऊ द्या जी," करुणाची आई म्हणाली.

दोन-तीन बायका पदराआड हसल्या. मालकीणबाई हसल्या नाहीत.

"मैना ठेवा. लहान आहे, गोड आहे. तुमच्यात शोभून दिसते."

तुमच्यात. शब्द मांडवभर फिरला. बायकांनी माना खाली घातल्या. सुगत माझ्या कानाशी आला.

"आत्या, ठेवून टाक न मैना. बाहेर मैना, घरात मैत्रेयी. काऊन वाद घालून राहिली?"

बाहेरचं नाव काय असतं, ते मला माहीत होतं. माझी आई याच घराण्याच्या अंगणात राबली. त्यांच्याकडे एक रीत होती. घरातल्या कुठल्याही बाईचं नाव कामावरच्या बाईला चालायचं नाही. जुळलं, तर पहिल्याच दिवशी तिला दुसरं नाव मिळायचं. तेव्हाच्या मालकीणबाई सुशीला. माझी आईही सुशीला. आई बारकी झाली. कापूस वेचताना बारकी, गोठ्यात बारकी, विहिरीवर बारकी. मी तिला माय म्हणायची. त्यापलीकडे तिला नाव असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

सौंसरच्या शाळेत गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, "आईचं नाव?"

"बारकी."

"हे नाव आहे की माप?"

वर्ग हसला. गुरुजी हसले. मी उभीच. बस म्हणेपर्यंत बसायची परवानगी नव्हती, आणि बस म्हणायला ते विसरले.

घरी येऊन मी मायला विचारलं. तिने आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "सुशीला. पण कोनाले सांगू नोको."

स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकीला, स्वतःचं नाव ती चोरीच्या वस्तूसारखं दाखवत होती.

ती गेली तेव्हा मी इंग्रजी शिकवायला लागले होते. माणसं अंगणात जमली. माझे वडील दारात आले आणि म्हणाले, "बारकी गेली." कोणी त्यांना तसं म्हणायला लावलं नव्हतं. जवळ कोणी मालक उभा नव्हता. त्यांच्या तोंडात तेवढंच नाव उरलं होतं. बाहेरचं नाव बाहेर राहत नाही. ते घरात शिरतं आणि आतलं खाऊन टाकतं.

मी पाळण्यावर वाकले. बाळाच्या कानात नाव सांगितलं. कानात सांगून थांबायचं असतं. मी थांबले नाही. उभी राहून मोठ्याने म्हणाले, "हिचं नाव मैत्रेयी. घरातही. ओसरीतही."

"तुम्ही शिकलेल्या," मालकीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला समजेल असं वाटलं होतं."

"समजलं म्हणूनच सांगितलं."

कानात नाव सांगितलं की बायका आत्याच्या पाठीत थापा मारतात, हसतात, कुर्र करतात. माझ्या पाठीवर एक हात पडला नाही. सगळ्यांची चूल त्याच बागेवर. मग एक थाप पडली. जोरात. मागे करुणा होती. बाळंतिणीने मारायची नसते ती.

मालकीणबाई फ्रॉकची पिशवी घेऊनच उठल्या. "सुगत, संध्याकाळी साहेबांना भेट." संध्याकाळी मालकांनी त्याला खोल्या रिकाम्या करायला सांगितलं.

तिघांना घेऊन मी माझ्या घरी, सौंसरला निघाले. बसमधून उतरताना सुगत म्हणाला, "तुले पेन्शन हाये, आत्या. मले काय हाये?" त्याचं खरं आहे.

तुम्ही फोनवर म्हणालात, आजी, नावच तर होतं. तुम्हाला तसं वाटणं साहजिक आहे. तुमची नावं ठेवताना कोणाची परवानगी लागली नव्हती.

आता ती तिघं माझ्याकडे राहतात. सुगत पांढुर्ण्याला ट्रकमध्ये संत्र्याच्या पेट्या चढवतो. परत येतो तेव्हा त्याला पाठ सरळ करता येत नाही. काल मालकाचा माणूस निरोप घेऊन आला. परत या, तुमच्यावाचून झाडांचे हाल होऊन राहिले. कागदावर काहीही नाव असू द्या. बागेत फक्त मैना म्हणा.

सुगत नाही म्हणाला नाही. विचार करतो म्हणाला.

माणूस गेल्यावर तो बाळाला घेऊन ओट्यावर बसला. बाळ किरकिर करत होतं. तो तिला मांडीवर हलवत होता, आणि अगदी हळू, जिभेवर बसतं का बघावं तसा, म्हणाला, "मैना."

आत करुणाचं लाटणं थांबलं.

मी बाळ त्याच्या मांडीवरून उचलून घेतलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"बागेत जायचं की नाही, ते तू ठरव," मी म्हणाले. "पेट्यांनी तुझी पाठ मोडून राहिली, मला दिसते. गेलास तर मी अडवणार नाही. पण ही पोरगी आणि तिची माय इथंच राहतील. करुणाला आधीच विचारलं मी. तिचंही ठरलं."

मी बाळाला खांद्यावर घेतलं.

"आणि ऐकून ठेव. हिला जो मैना म्हणेल, त्याला या घरातून ओ मिळणार नाही. मालक असो. नाहीतर तिचा बाप असो."