बेटाकडे चालत जायची वेळ

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी माझी निळी फाइल मागितलीत. आईबाबांशिवाय पहिल्यांदाच बाहेरदेशी फिरायला निघणार, टूर कंपनी नको, सगळं आपलं आपण ठरवणार, तर आजीनं कसं केलं होतं ते बघू, असं म्हणालात. फाइलची प्रत पाठवते आहे. पानं स्कॅन करायला पालघरला स्टेशनजवळच्या दुकानात दिली आहेत. मात्र त्यात एका पानावर लाल पेन्सिलीची तिरकी रेघ आहे. ते पान मला काढून टाकता आलं असतं. मी काढलेलं नाही, तेव्हा त्याबद्दल लिहायला हवं. तुमच्या बाबालाही ती गोष्ट माहीत नाही. माहीत झाली तरी आता हरकत नाही.

तुमचे आजोबा नोकरीची सगळी वर्षं वीजकेंद्रात होते, समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पंपांवर. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली कुठल्याशा कॅलेंडरातून कापलेलं एक चित्र असायचं. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर एक बेट आहे, त्यावर जुना किल्ला. भरतीला चारी बाजूंनी पाणी, आणि ओहोटीला समुद्रातून दगडी वाट वर येते. त्या वाटेनं चालत बेटावर जाता येतं. निवृत्तीनंतर तिथे जायचं, असं ते म्हणायचे. निवृत्तीनंतर आधी त्यांच्या आईचं आजारपण आलं, मग तुमचे जन्म झाले, मग आम्ही बोईसरला हा फ्लॅट घेतला. चित्र मात्र काचेखालून निघून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लागलं.

मग त्यांचे डोळे बिघडले. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत होता. समोर बघितलं की बरोबर मधोमध धूसर डाग, कडेचं तेवढं दिसायचं. दर महिन्याला मुंबईला जाऊन इंजेक्शन घ्यावं लागे. डॉक्टरांनी मला सांगितलं, "किती दिवस टिकेल ते मी सांगू शकत नाही. बघायचं असेल ते लवकर बघून घेऊ द्या."

तुमच्या बाबाला फोन केला. तो म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात मी सुट्टी काढतो, तुम्हाला दोघांना नेतो. नाहीतर एखाद्या टूरबरोबर जा. एकट्यानं काही करू नका."

आजोबा शेजारीच बसले होते. मला म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात मला बेट दिसेल का, तेवढं विचार त्याला."

मी विचारलं नाही. फोन ठेवल्यावर निळी फाइल घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं: दोन इंजेक्शनांच्या मध्ये.

टूर कंपन्यांची पत्रकं मी पाहिली होती. सकाळी एक शहर, दुपारी दुसरं, आणि ते बेट कुणाच्याच यादीत नव्हतं. त्याच सुमारास पालघरच्या एका बाईंची माहिती मिळाली. पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या व्हिएतनामला आणि तुर्कस्तानला जाऊन आलेल्या. महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्यांच्या घरी पाचसहा जण जमायचे. कुणी जाऊन आलेलं असायचं, कुणी जाणार असायचं. एका ताटात पोहे, एका खुर्चीवर लॅपटॉप आणि बाकी सगळे जमिनीवर.

आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो तेव्हा मी वही काढून विचारलं, "तिकडे काय काय बघावं?"

बाई हसल्या. "हे कुणालाच विचारायचं नाही. लोक वीस ठिकाणं सांगतील आणि तुम्ही घरी बसाल. असं विचारा, सत्तरीचा माणूस, डोळे अधू, गुडघे ठीक, ओल्या दगडांवरून चालणार, किती वेळ लागेल? मग ज्याला खरंच माहीत आहे तोच उत्तर देतो."

त्यांनीच मला फिरणाऱ्या लोकांच्या एका साइटवर नाव नोंदवून दिलं. त्यांच्या सूचना फाइलमध्ये दुसऱ्या भागात आहेत, त्या तुम्हालाही उपयोगी पडतील. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी काहीही ठरवायचं नाही. दिवसाला एकच अवघड गोष्ट. औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीची प्रत दुसऱ्याच्या पिशवीत. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री विमानतळाच्या गावातच झोपायचं. विमानतळावर व्हीलचेअर मागावी, असंही त्या म्हणाल्या. त्यावर आजोबा म्हणाले, "डोळे गेलेत माझे, पाय नाही." बाई म्हणाल्या, "साहेब, व्हीलचेअर पायांसाठी नाही, पाट्या वाचणाऱ्या माणसासाठी मागायची. तो पुढे चालतो, आपण मागे." आजोबांना हे पटलं. त्यांना एकदा पटलं की ते पुन्हा बोलत नाहीत.

आता लाल रेघेच्या पानाकडे येते.

माझं माहेर समुद्रकाठच्या दातिवऱ्याचं, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे लहानपणीच मला भरतीचा हिशेब शिकवला गेला. पंचांगातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पुरी होते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती. लग्नानंतर इकडे आले तेव्हा आजोबांना याची फार गंमत वाटली. वीजकेंद्रात त्यांच्याकडे भरतीओहोटीचं छापील वेळापत्रक असायचं. ते घरी येऊन मला विचारायचे, "आज काय म्हणतं तुझं पंचांग?" मी सांगायची, ते मनात ताडून बघायचे आणि मान हलवायचे. थोडंफार इकडे-तिकडे होई, पण इतकी वर्षं त्यात मोठी चूक कधी निघाली नाही.

आजोबांना भर दुपारच्या उजेडातच नीट दिसत होतं. म्हणून दुपारी बाराची ओहोटी हवी होती. मी पंचांग उघडलं, दोन इंजेक्शनांच्या मधली अष्टमी शोधली आणि त्याच दिवसाभोवती सगळं बसवलं. उतरल्यावर दोन दिवस लंडनमध्ये आराम, मग रेल्वे, बेटासमोरच्या गावात दोन रात्री, आणि उरलेले दिवस परत लंडनमध्ये निवांत. विमानाची तिकिटं काढली, व्हिसाच्या अर्जाला तोच कार्यक्रम जोडला. पान स्वच्छ अक्षरात लिहिलं, वर मथळा दिला: "अष्टमी, दुपारी १२, वाट मोकळी."

तुमच्या बाबालाही त्याचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "ओके आई. पण विचारून घे कुणाला तरी."

मला जरा रागच आला. भरतीओहोटी मी कुणाला विचारायची? तरी पालघरच्या बाईंचा नियम म्हणून मी साइटवर सविस्तर प्रश्न लिहिला. वय, डोळे, गुडघे, दिवस, वेळ. दगड किती निसरडे असतात एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. लिहिणारा त्या बेटासमोरच्या गावातलाच निघाला. नाव नव्हतं, चित्राच्या जागी एक पांढरा कुत्रा होता. इंग्रजी तुटक आणि स्पष्ट. त्याचा मतलब असा: तुम्ही लिहिलेल्या दिवशी दुपारी बारा वाजता ती वाट पाण्याखाली असेल. त्या दिवशी ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. शिवाय अर्ध्या चंद्राच्या दिवसांत पाणी फारसं उतरत नाही, वाट जेमतेम उघडते. ही वेळ तुम्हाला कुणी सांगितली?

मी तीनदा वाचलं. मग गावाचं छापील वेळापत्रक इंटरनेटवर शोधलं, जे मी पहिल्या दिवशीच शोधायला हवं होतं. कुत्रेवाल्याचं बरोबर होतं. त्यांच्या किनाऱ्यावर अष्टमीला दुपारी भरती असते, आणि दुपारची ओहोटी पौर्णिमेला. माझा हिशेब तिथे नेमका उलटा.

त्या सकाळी घिवलीची मासेवाली दारात टोपली उतरवून बसली होती. माझ्याच वयाची, इतक्या वर्षांची ओळख. माझा चेहरा बघून तिनं विचारलं, म्हणून सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"आवं बाय, इकडची खाडी नि तिकडची खाडी, त्यांची भरती एका टायमाला नाय येत, नि तुमी बोईसरात बसून विलायतेची भरती काढलीव?"

"चुकलं खरं."

"मना तरी इचारायचं. आमी काय शिकलेले नाय, पण दुसऱ्याच्या दर्यात जायचं तर दुसऱ्याला इचारून जातंव." आणि मग टोपलीतून दोन बोंबील जास्तीचे काढून ठेवत म्हणाली, "सायबांना सांगितलंव का?"

सांगितलं नव्हतं. चूक माझी आणि वाट त्यांची होती. तिकिटं काढून झाली होती, पुढच्या इंजेक्शनची तारीख पक्की होती. दुपारच्या चहाला मी ते उत्तर त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी कप चाचपून बशीत ठेवला.

"मी इतकी वर्षं तुझं पंचांग आमच्या वेळापत्रकाशी ताडून बघत आलो," ते म्हणाले. "नेहमी जमायचं. म्हणून तर या वेळी मी विचारलं नाही. मी तर इंजिनिअर. मी तरी विचारायला हवं होतं."

"आता काय करायचं?"

"पौर्णिमा केव्हा आहे?"

पौर्णिमा आमच्या परतीच्या विमानाच्या दोन दिवस आधी होती. म्हणजे कार्यक्रम उलटा करायचा. सगळे निवांत दिवस आधी आणि बेट शेवटी. पालघरच्या बाईंनी बोटांवर मोजून सांगितलं, "पौर्णिमेला चाला, दुसऱ्या दिवशी रेल्वे, तिसऱ्या दिवशी विमान. जमतं. पण त्या दिवशी पाऊस आला तर दुसरी संधी नाही, हे साहेबांना आत्ताच सांगा." मी सांगितलं. ते म्हणाले, "मग नाही तर नाही."

आमच्या गेस्टहाऊसमध्ये त्या तारखांना जागा नव्हती. पुन्हा कुत्रेवाल्याला विचारलं. त्यानं एका आजीबाईंचं घर सुचवलं, जे कुठल्याच साइटवर नव्हतं. तिथे खोली मिळाली. त्यानं आणखी चार ओळी लिहिल्या. उतरत्या पाण्याच्या मागोमाग चाला, चढत्या पाण्याच्या पुढे धावू नका. वाटेच्या मधोमध चाला, कडेला शेवाळ असतं. हातात काठी असू द्या. आणि त्यांना एखादी ठळक रंगाची टोपी घाला, गर्दीत तुम्हाला शोधता येईल. आजोबांची लाल टोपी आम्ही बोईसरच्या बाजारात घेतली.

मी जुन्या पानावर लाल रेघ मारली आणि नवीन पान लिहिलं. तुमच्या बाबाला एवढंच कळवलं, "कार्यक्रमात थोडा बदल." बाकी लिहायची हिंमत झाली नाही. लिहिलं असतं तर त्यानं नक्कीच थांबवलं असतं.

पौर्णिमेला सकाळी ढग होते. साडेअकराच्या सुमारास वाटेवरचं पाणी सरकलं आणि दगड वर आले, चित्रात होते तसेच. बरेच लोक निघाले. आम्ही सर्वांत मागे. आजोबांचा एक हात काठीवर, दुसरा माझ्या दंडावर. मी दगड सांगत होते, "इथे फट आहे, इथे ओलं आहे." अर्ध्या वाटेवर ते म्हणाले, "आता बोलू नकोस."

त्यांनी खाली वाकून दगडाला हात लावला, बोटं हुंगली. "इथे चिखल नाही," म्हणाले. आपल्याकडे ओहोटीला चिखल असतो, त्याचा वास त्यांच्या नाकात मुरलेला. मग ते उभे राहिले आणि त्यांनी बेटाकडे पाठ नाही, पण खांदा केला. बघणाऱ्याला वाटलं असेल की हे गृहस्थ भलतीकडेच बघताहेत. समोर बघितलं की डाग यायचा, म्हणून बेट डोळ्याच्या कडेला घेऊन ते बघत होते. किती वेळ ते मी मोजलं नाही.

"दिसतंय?" मी शेवटी विचारलं.

"चित्रातल्यापेक्षा लहान आहे," ते म्हणाले. "आणि उजवीकडे एक झाड आहे, ते चित्रात नव्हतं."

झाड खरोखरच होतं.

बेटावर चहा घेतला, पाणी चढायच्या बऱ्याच आधी परत आलो. घोलवडच्या चिकूच्या सुकवलेल्या फोडींचं एक पाकीट मी कुत्रेवाल्यासाठी नेलं होतं. तो भेटला नाही. ते आमच्या आजीबाईंकडे ठेवून आले. संध्याकाळी साइटवर त्याची ओळ दिसली: "सव्वाबाराला वाटेवर लाल टोपी पाहिली. वेळ बरोबर होती."

याला आता काही वर्षं झाली. त्यानंतर आजोबांच्या उजव्या डोळ्याची नजर पूर्ण गेली. इंजेक्शनं बंद झाली. तुम्ही फोनवर चेहरा दाखवता तेव्हा ते मान वळवून का बसतात, हे तुम्ही मागे विचारलं होतं. ते तुमच्याकडेच बघत असतात.

तुम्ही निघाल तेव्हा फाइलमधलं काहीही जसंच्या तसं उचलू नका, माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून तर अजिबात नाही. जिथे जाल तिथल्या माणसाला विचारा, आणि नेमकं विचारा.

मूळ फाइल माझ्याकडेच राहील, दोन्ही पानांसकट. लाल टोपी दाराच्या खुंटीला आहे, आजोबा ती घालून रोज सकाळी खाली फिरतात. डाव्या डोळ्याच्या कडेची नजर अजून आहे.