मिठाच्या बाजूचं घर

या वर्षीच्या मार्चमधल्या पहिल्या मंगळवारी, सकाळी साडेनऊला, आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकाकूंवर अन्याय झाला. पिवळं जॅकेट घातलेला एक माणूस आला, काकूंच्या दारासमोरच्या दिव्याच्या खांबाला त्यानं प्लास्टिकच्या पट्टीनं एक नोटीस बांधली, आणि एकही दार न वाजवता निघून गेला. ही आख्खी गल्ली पाडून इथे टॉवर उभे करायचे आहेत, कुणाची हरकत असेल तर मुदतीत कळवावी, असं त्या नोटिशीत मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं. काकूंना वाचता येत नाही, म्हणजे त्यांचे डोळेच गेलेत. संध्याकाळच्या फेरीत त्यांनी नेहमीसारखा खांब चाचपला, हाताला कागद लागला, आणि घरात जाऊन त्यांनी मला फोन केला. "अगं, कुणाचं तरी मांजर हरवलंय. फोटो बघून सांग. पट्ट्यापट्ट्यांचं असेल तर ते माझ्या स्वयंपाकघरात बसलंय."

जे रस्ते आता जगात नाहीत त्यांच्यावरून काकूंइतकं ताठ मानेनं चालणारं माणूस आख्ख्या ब्रिटनमध्ये दुसरं सापडणार नाही, हे मी सही करून लिहून द्यायला तयार आहे. असलेल्या रस्त्यांवर मात्र त्यांच्याबरोबर चालताना माझा जीव मुठीत असतो. काकू डोळ्यांच्या डॉक्टर. जन्मभर हॉस्पिटलात लोकांचे डोळे दुरुस्त केले, आणि रिटायर झाल्यावर त्यांच्याच नजरेच्या बरोबर मध्यभागी एक डाग आला. तो पसरत गेला. आता त्यांना फक्त कडेकडेचं दिसतं. समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही, कान दिसतात. "आज तुझे कान चिडलेले दिसतायत," असं त्या मला दारातच सांगतात, आणि ते नेहमी बरोबर असतं, कारण मी नेहमी चिडलेलीच असते. भाडेकरूंसाठी मोर्चे काढणं, पत्रकं वाटणं हे माझं काम. माझी मराठी पत्रकं काकू तपासतात, अर्थात कानांनी. मी मोठ्यानं वाचायचं, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. "यात उद्गारचिन्हं ऐकू येतायत मला. बरीच आहेत. काढ. आणि 'ती मोर्चा' नाही गं बाई, 'तो मोर्चा'. इथे जन्मलीस म्हणून मोर्चाला साडी नेसवू नकोस."

आमच्या गल्लीत मात्र काकूंना डोळ्यांची गरजच पडत नाही. कोपऱ्यावरचं वाकडं गेट, कोटाला ओरबाडणारं कुंपणाचं झुडूप, डुगडुगणारी फरशी, पलीकडच्या पंजाबी घरातला फोडणीचा वास, आणि मग तो खांब: या खुणांवर त्या एकट्या दुकानात जातात, दूध आणतात, आणि वाटेत मला मागे टाकतात. डोक्यावरून विमानं इतकी खालून जातात की बोलणं थांबवावं लागतं, पण काकू त्या आवाजावरूनही दिशा ओळखतात. ही गल्ली पाडली तर त्यांना कुठेतरी फ्लॅट मिळेल, हे खरं आहे. चकचकीत लिफ्ट, लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं. तिथे काकू आंधळ्या होतील. इथे त्या आंधळ्या नाहीत. माझा सगळा झगडा एवढ्या एका गोष्टीसाठी आहे, आणि मला रोज धास्ती वाटते की मी हरणार.

आता त्या नसलेल्या रस्त्यांविषयी. काकूंचे यजमान आयरिश. त्यांना त्या शेवटपर्यंत 'हे'च म्हणायच्या, आणि सहा फुटी लालबुंद 'हे' ड्यूटीची ॲम्ब्युलन्स पार्क करून "काय गं?" म्हणत आत यायचे, ते मला लहानपणचं आठवतं. ह्यांची आजी आयर्लंडमधल्या मेयोहून बोटीनं आली आणि इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गिरण्यांच्या गावात राहिली. तिच्याच घरात हे वाढले. पण काकूंचं लग्न व्हायच्या आधीच ती वस्ती राहायला लायक नाही असं ठरवून आख्खी गल्ली पाडली होती. माणसं तुटलेल्या माळेतल्या मण्यांसारखी गावभर उधळली. कुणी विचारलं त्यांना? कुणीच नाही. लग्न झालं रजिस्ट्री ऑफिसात. नाशिकहून काकूंच्या आईनं फोनवर एवढंच विचारलं, "माप कुठे ओलांडलंस?" सून पहिल्यांदा घरात येते तेव्हा उंबरठ्यावर तांदळानं भरलेलं माप ठेवतात, आणि ते उजव्या पायानं लवंडून तिनं आत यायचं असतं. आईनं मग पितळी माप पार्सलनं पाठवलं. माप होतं, तांदूळ होते, पाय होता. उंबरठा नव्हता.

हे गेले, आणि काकूंनी उंबरठ्याचा शोध सुरू केला. "मी कुठल्या घरात सून म्हणून आले तेच मला माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "मी नुसतीच इंग्लंडात आले." मग मी त्यांचे डोळे झाले. जुने कागद, चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, मोठ्या मापाचे जुने नकाशे मी वाचून दाखवायचे आणि त्यांनी सासरच्यांवर तोंडसुख घ्यायचं. "परत ब्रिजेट? आईचं नाव ब्रिजेट, मुलीचं ब्रिजेट, सुनेचंही ब्रिजेट! हाक मारली की अर्धी गल्ली धावत येत असेल. आपल्याकडे निदान लग्नात नाव बदलायचे, ते कशासाठी ते आत्ता कळलं."

नकाशा डोळ्यांनी दिसत नाही म्हटल्यावर त्यांनी जी युक्ती काढली तिला तोड नाही. चकलीचं पीठ भिजवायचं, सोऱ्यात भरायचं, आणि मी नकाशा बघत मोठ्या ताटात त्या पिठाचे रस्ते पाडायचे. मुख्य रस्ता जाड, गल्ल्या बारीक, गॅस कारखाना म्हणजे एक गोल चकली. काकू त्यावरून बोटं फिरवत गाव पाठ करायच्या. पाठ झालं की कढई तापायची आणि गाव तळलं जायचं. मी आजवर दोन चौक, एक शाळा आणि पुढे रस्ता नसलेली एक आख्खी गल्ली चहाबरोबर खाल्लेली आहे. ह्यांच्या आजीच्या गल्लीचं ताट आम्ही अगदी मन लावून केलं. गल्लीच्या एका टोकाला गॅस कारखाना, दुसऱ्या टोकाला चॅपल, म्हणजे छोटं चर्च, आणि आजीचं घर चॅपलच्या भिंतीला भिंत लावून. चॅपल हाताला वेगळं लागावं म्हणून मी तिथे मीठ ठेवलं. नकाशात ते खालच्या टोकाला होतं, म्हणून ताटातही खाली. ताट काकूंच्या पुढ्यात ठेवलं आणि मी पीठ लागलेले हात धुवायला गेले.

नोटीस लागल्यानंतरच्या शनिवारी काकूंचा फोन आला. "आज जायचं. माझी गल्ली जायच्या आधी मला त्यांची बघायची आहे." मी त्यांना पत्रकासाठी त्यांचा फोटो मागितला होता, 'दृष्टिहीन ज्येष्ठ डॉक्टर बेघर होणार' असं लिहून. त्यांनी मला हाकलून दिलं होतं. "दया मागायला मी काय दारोदार फिरतेय? माझं तोंड छापायचं नाही." आमच्यात अबोला होता. तरी मी गेले, कारण त्या एकट्या निघाल्या असत्या.

ट्रेन, मग बस. उतरलो त्या ठिकाणी गल्ली तर सोडाच, गल्लीचं भूतसुद्धा उरलं नव्हतं. चप्पल-बुटांची, सोफ्यांची, टायरची प्रचंड दुकानं आणि मधे अफाट कार पार्क. पण काकूंना ते दिसतच नव्हतं, म्हणून त्यांना कशाचा अडथळा नव्हता. त्यांनी माझं कोपर सोडलं आणि डोक्यातल्या ताटावरून चालायला सुरुवात केली. मागे घेतल्या जाणाऱ्या गाड्यांच्या मधून, काठी हवेत फिरवत, "हे मर्फींचं, हे बेकरीवाल्याचं" करत त्या सरळ रेषेत निघाल्या. मी पुढे धावत दोन्ही हात पसरून गाड्या थांबवत होते. एकानं काच खाली करून शिवी दिली. काकू म्हणाल्या, "हा मर्फींकडचाच असणार."

टायरच्या दुकानाच्या दारात त्या थांबल्या. "चॅपलची भिंत," त्या म्हणाल्या. पर्समधून पितळी माप काढलं, बासमतीची पिशवी काढली, माप भरून खाली ठेवलं. आतून एक मुलगी आली. "मॅडम, टायर हवेत का?" "नाही हो, लग्न झालंय माझं, आत येतेय," काकूंनी साध्या इंग्रजीत सांगितलं, आणि उजव्या पायानं माप लवंडलं. तांदूळ टायरांखाली पसरले. कबुतरं आली. काकूंचा चेहरा असा उजळला होता की ती मुलगी झाडू आणायला गेली ती तो हातात धरून नुसती उभीच राहिली.

बस स्टॉपवर एक म्हातारी पिशव्या घेऊन बसली होती. काकू कुणालाही सगळं सांगतात, तसं तिलाही सांगितलं, चॅपलसकट. म्हातारीनं नकारार्थी मान हलवली. "चॅपल? इथे नव्हतं, राणी. इथे गॅसचा कारखाना होता, नाक धरून जायचो आम्ही. चॅपल त्या पार टोकाला. मला दर रविवारी ओढत नेऊन गायला लावायचे, मी कशी विसरेन? आता त्यावरून मोठा रस्ता गेलाय."

काकू हळूच माझ्याकडे कान करून म्हणाल्या, "तू मीठ कुठे ठेवलं होतंस?"

"खाली. नकाशात खाली होतं म्हणून."

"अगं, मीठ कधी ताटात खाली असतं का? मीठ वर, मधोमध. तू गेल्यावर मी ताट फिरवून घेतलं. तुला पान वाढता येत नाही असं वाटलं मला." आणि त्या तोंडाला पदर लावावा तसा मफलर लावून हसत सुटल्या. "म्हणजे मी गॅसवाल्यांच्या घरात सून म्हणून शिरले!"

मला वाटलं आता परत निघू. पण त्यांनी रिकामं माप उचललं आणि त्या दुसऱ्या टोकाकडे निघाल्या. दुकानं संपली, गवताची पट्टी आली, आणि पुढे तो रस्ता. दोन्ही बाजूंनी ट्रक सुसाट. आवाज इतका की त्यात काकूंची दिशाच बुडाली. त्या कठडा धरून चालत होत्या. "इथेच कुठेतरी. अगं, गल्ली एवढी रुंद नव्हती..." कठडा संपला. त्यांचा हात हवेत गेला आणि पाय रस्त्यावर.

भोंगा वाजला. मी त्यांना कोटाचा पट्टा धरून मागे ओढलं, आणि आम्ही दोघी गवतात पडलो. माप हातातून सुटून रस्त्यावर गेलं, ट्रक त्यावरून गेला, आणि पितळेची भाकरी झाली.

काकूंनी पडल्यापडल्याच विचारलं, "माप गेलं का?"

"हो."

"उजव्या चाकाखाली?"

"डाव्या."

"घ्या. तेही चुकलं."

मी हसले, पण त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि ते सोडेनात. मी काकूंना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. घाबरायचं काम आमच्यात माझ्याकडे होतं. "मला आत्ता काहीच कळत नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "कुठे वळू, कुठे पाऊल टाकू. आपली गल्ली गेली की मी रोज सकाळी अशीच उठणार आहे. मला फार भीती वाटते." एवढंच, अगदी हळू आवाजात, जणू दुसऱ्या कुणाच्या आजाराबद्दल सांगत असाव्यात.

परतीच्या ट्रेनमध्ये अर्ध्या वाटेवर त्या ताठ बसल्या. "पत्रक काढ. लिही. मी या गल्लीत राहते. इथे मला दिसतं." मी वाट बघत राहिले. "झालं," त्या म्हणाल्या. "खाली माझं नाव घाल."

"उद्गारचिन्ह?"

त्यांनी विचार केला. "घाल एक."

ते पत्रक आम्ही घरोघर दिलं. हरकती गेल्या आहेत, निकाल यायचा आहे. काकूंनी दाराच्या आत तांदळानं भरलेला स्टीलचा पेला ठेवलाय. "येऊ देत पाडायला. आधी माप ओलांडायला लावीन प्रत्येकाला, उजव्या पायानं," असं त्या सांगतात आणि हसतात. पण रोज सकाळी मी कामाला निघते तेव्हा त्या खांबापाशी उभ्या असतात. हात कागदावर फिरत असतो, मांजराच्या पाठीवरून फिरावा तसा. "नवीन काही आहे का गं?" त्या विचारतात. "नाही काकू, तोच आहे," मी म्हणते, आणि बस पकडते. एक दिवस मला दुसरं काहीतरी वाचून दाखवावं लागेल.

आता तुमच्याकडे वळते. हे वाचून झालं की दार उघडून बाहेर जा. तुमच्या गल्लीतल्या खांबांवर काय बांधलंय ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि ज्या शेजाऱ्याला ते वाचता येत नाही त्याचं दार वाजवा, उंबरठ्यावर उभे राहा आणि मोठ्यानं वाचून दाखवा. आज जा. उंबरठा आज आहे.