मधल्या खांबावरचे कराटे

आमच्या घराची पडवी मी पाडलेली नाही.

हे मला आजही सांगावे लागते, कारण गावात अजून दोन-चार माणसे माझ्याकडे त्या नजरेने बघतात. ही साठ सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा मालवाहू बोटीवर स्वयंपाकखान्यात कामाला होतो. आमची बोट जपानात कोबे बंदरात दुरुस्तीसाठी अडीच महिने अडकली. रोज संध्याकाळी करायचे काय? गोदीतल्या एका जपानी वेल्डरने मला आपल्या कराटेच्या वर्गात नेले. कराटे म्हणजे काय, हे तोवर मला ठाऊक नव्हते. (पहिल्या दिवशी एक तास मी समजत होतो की ही माणसे कोणत्या तरी देवाची पूजा करताहेत.) बोट सुटायच्या आदल्या दिवशी तिथल्या सरांनी मला खुणांनी बजावले, की वर्गात शिकलेले काही खरे नव्हे, घरी जाऊन रोज कराल तेच खरे. एक खांब घ्यायचा, त्याला दोर गुंडाळायचा आणि दोन्ही हातांनी रोज शंभर-शंभर ठोसे मारायचे.

तीन महिन्यांच्या रजेवर मी कट्टा नावाच्या बाजारगावाजवळ आमच्या गावी आलो आणि खांब शोधू लागलो. परसातल्या आंब्यावर हुमले होते. पहिल्याच ठोशाला ते लाल मुंगळे माझ्या सदऱ्यात उतरले आणि मी जे हातवारे केले ते कुठल्याच वर्गात शिकवत नसतील. मग गोठ्यातला खांब धरला, तर गायीने दूध चोरायला सुरुवात केली. उरला पुढच्या पडवीचा मधला खांब. चौकोनी, रंग दिलेला, बरोबर माझ्या छातीइतक्या उंचीवर सपाट. त्याला मी सुंभ गुंडाळले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, शिकवल्याप्रमाणे पोटातून आरोळी ठोकून, पहिला ठोसा मारला.

शेजारची सरसूकाकी हातातली केरसुणी घेऊनच धावत आली. तिने माझ्या आईला विचारले, "तुझ्या झिलाक कोण मारता गो?" आईने सांगितले की कोणी नाही, तो आपणच मारून घेतो. ते ऐकून काकी जास्तच घाबरली. जपानात मुलाचे काहीतरी बिघडले, ही बातमी दुपारपर्यंत बाजारात पोचली. आई रात्री माझ्या बोटांना हळद लावी आणि बोटीवर पोटभर जेवायला देतात ना, हे पुन्हा पुन्हा विचारी.

बाबा माझ्याशी बोलतच नसत. ते गावच्या शाळेत जन्मभर मास्तर होते, आणि मी मॅट्रिक अर्धी टाकून बोटीवर गेलो तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षे, त्यांचे सगळे निरोप आईमार्फत येत. बासष्ट वर्षांचे, अंगाने काडी, वर दमा. पडवीत आरामखुर्चीत बसून ते वर्तमानपत्र वाचत आणि माझ्या दर ठोशाला त्यावर भुसा पडे. चौथ्या दिवशी ते आईला म्हणाले, "तेका इचार, खांबान तेचा काय घोडा मारल्यान?"

मला मात्र तो भुसा बघून आनंद होत होता. ठोशात वजन आले, असे मी समजत होतो! महिन्याने एक कौल घसरले, त्यानंतर आठवड्यात आणखी दोन. मी ती परत बसवली आणि ठोसे दीडशे केले.

अशात माझ्या बहिणीला, शालनला, बघायला कुडाळहून माणसे यायची ठरली. मुलगा कचेरीत कारकून होता, घर चांगले होते, आणि याआधी दोन ठिकाणे मोडलेली. आईने मला स्वच्छ सांगितले, की त्या दिवशी आरोळी नको, ठोसा नको आणि खांबाचे सुंभ काढून ठेव. पहिल्या दोन गोष्टी मी कबूल केल्या. सुंभ काढायचे राहिले.

बघणे आत माजघरात झाले. शालनने मान वर केली नाही, मुलाने तोंड उघडले नाही. पोहे झाले, चहा झाला आणि मुलाचा मामा सुपारी कातरत पडवीत आला. खांबाला हे काय बांधलेय, असे त्याने विचारले. मी सांगितले. करून दाखवा म्हणाला. पाहुण्याला नाही कसे म्हणायचे? मी पाय रोवले, आरोळी ठोकली आणि मारला. मामाच्या सुपारीवर थोडा भुसा पडला, बाकी काही नाही. तो म्हणाला, बरे आहे.

आरोळी ऐकून आतली सगळी माणसे दारात आली. बाबा तर लाजेने काळवंडले होते. ते पुढे झाले आणि मामाला म्हणाले, "चाळीस दिस मारता हा ह्यो. हललो काय? माझ्या बापाशीन बसयलेलो खांब आसा." आणि त्याची मजबुती दाखवायला त्यांनी खांबावर उघड्या हाताची एक थाप मारली.

आधी कर्रर्र असा आवाज आला. मग खांब मधोमध मोडला, आणि दमलेला माणूस खाली बसावा तशी आमची पडवी सावकाश पुढच्या अंगाला बसली. वासे, रिपा, साडेतीनशे कौले, आरामखुर्ची आणि पाहुण्यांच्या सगळ्या चपला. मामा पुढच्या अंगणात, खळ्यात, कसा पोचला, ते त्यालाही कळले नाही. मी त्याच्याही आधी पोचलो होतो. (बापाला तिथेच सोडून. हे मी लपवत नाही.)

धूळ खाली बसली तेव्हा बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. एक ओरखडासुद्धा नाही. ते आपल्या तळहाताकडे बघत होते. शेवटी मामाने खळ्यातूनच अगदी अदबीने विचारले, "मास्तरानू, तुमीपण जपानात गेल्लास काय?"

आणि शालन हसली. दारात उभी राहून, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मुलाने तिला तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. तोही हसू लागला. चपला शोधता शोधता लग्न ठरले.

दुसऱ्या दिवशी सुताराने खांब उलटा केला. आत लाकूड असे नव्हतेच, नुसती वाळवी. वरचे रंगाचे साल आणि माझे सुंभ एवढ्यावर पडवी उभी होती. सुतार पाणी प्यायला आत गेला, तेव्हा बाबा माझ्याजवळ आले. दोन वर्षांनी प्रथमच, मधे आई नसताना, माझ्याशी बोलले.

"वसंता, वाळवीचा कोणाक सांगा नको."

मी सांगितले नाही, आणि बाबांच्याच हाताखाली शिकलेल्या सुतारानेही नाही. पंचक्रोशीत त्यांचा दरारा झाला. जावईबापू तर सासऱ्यांसमोर हाताच्या अंतरावर कधी बसलेच नाहीत.

पुढच्या वर्षी बोट पुन्हा कोबेला लागली. सरांनी विचारले, घरी केलेस का? मी हातांनी पडवी पाडून दाखवली. ते खूष झाले आणि कोणी पाडली म्हणाले. खोटे बोलण्याइतके जपानी मला येत नव्हते, आणि वाळवीला काय म्हणतात तेही ठाऊक नव्हते. वडील, बासष्ट वर्षे, एक थाप, असे मी सांगितले. सर उठले. पश्चिमेकडे तोंड करून माझ्या वडिलांसाठी कमरेत वाकले. मागोमाग अख्खा वर्ग वाकला. मग त्यांनी मला खांद्याला धरले, मागे नेले आणि सात-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभे केले.

तिथेही डावीकडचा पोरगा माझ्यापेक्षा बरा होता.