सातवी ब चा गणपती

चहा घेत ऐका, पण हसून बशीत सांडू नका. पिंप्राळ्याच्या शाळेत मी चित्रकलेचा मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. चित्र म्हटलं की माझाच शब्द शेवटचा. आणि मग भुसावळहून नव्या बाई आल्या!

बाईंनी सातवी अ ला लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ तुकड्यावर चित्र कोरून छापे काढायला शिकवलं. झालं, माझी सातवी ब त्यांच्या खिडकीला लोंबकळायला लागली. मुख्याध्यापक बाईंना खुर्ची द्यायचे, मला उभ्यानेच वाटेला लावायचे. जळलो मी, सरळ सांगतो. छापकाम आयुष्यात केलं नव्हतं, पण बाईंना जमतं ते मला जमणार नाही?

शाळेच्या गणेशोत्सवाच्या पत्रिकेवर बाईंच्या वर्गाचा गणपती छापायचं ठरलं. मधल्या सुट्टीत मी त्यांच्या टेबलावरचा कोरलेला ठसा हळूच पाहिला आणि काय सांगू तुम्हाला, दिवाळीच झाली माझी. गणपती उजव्या सोंडेचा! म्हणजे कडक सोवळ्याचा. तो घरोघरी वाटायचा?

तडक मुख्याध्यापकांचे कान भरले. ते घाबरले आणि काम सातवी ब ला मिळालं. मी झोकात डाव्या सोंडेचा गणपती काढून दिला, पोरांकडून जसाच्या तसा कोरून घेतला. बाई दारात येऊन म्हणाल्या, "सर, आधी एक छाप काढून बघता का?"

मनात म्हटलं, जळतेय बिचारी.

छपाई बघायला संस्थेचे अध्यक्ष आबा आले. मी शाई लावायची, कागद दाबायचा, पोरांनी वाळत घालायचा. माझं लक्ष कागदावर कुठलं? बाईंच्या चेहऱ्यावर! गठ्ठा संपत आला तेव्हा आबांनी एक पत्रिका उचलली.

"मास्तर, हाऊ ते उजव्या सोंडना शे."

मी पत्रिका उलटी धरली. गणपती डोक्यावर उभा राहिला, सोंड हलली नाही. उजेडात धरून म्हणालो, "मागून बघा आबा, डावीच दिसते." ठशातलं उजवं छापल्यावर डावं होतं आणि डावं उजवं, हे सातवी अ च्या पोरांनाही ठाऊक होतं!

गणपती फेकता थोडेच येतात? आबांनी निकाल दिला, "आते बठ्ठा तुमना घर ली जा."

घरी बायकोने गठ्ठा देव्हाऱ्यात ठेवला आणि मला सोवळ्यात. उत्सव संपेपर्यंत कांदा बंद, लसूण बंद, शेवभाजीचं नाव काढायचं नाही. त्यातच शाळेची नवी पत्रिका आली, बाईंच्या ठशाची. बायको बघतच राहिली.

"किती शांत, देखणा गणपती. कुणी शिकवलं हो पोरांना?"

"आहेत एक बाई," मी पुटपुटलो.

"अगंबाई," ती म्हणाली, "मग तुम्ही काय शिकवता?"