कुठून आला

डॉक्टरांनी माझ्या हातातलं कात्रण घेतलं नाही. टेबलावर ठेवायला लावलं आणि पेनाच्या टोकाने पुढे ओढलं. दार उघडंच होतं. म्हणाले, "बाई, तुम्ही वाचनालयात असता ना? मग भाऊ कुठे कुठे जायचा, ते कोणत्या पुस्तकात वाचलंत?"

बाकावरची माणसं हसली. कंपाउंडरही हसला.

मी मान खाली घालून म्हणाले, "अपघात झाला होता. रक्त चढवलं होतं त्याला."

खोटं. धाकटा भाऊ सावद्याला केळीच्या वखारीत कामाला होता. अपघात कधी झालाच नव्हता. तो दाराशी उभा होता, माझी शाल पांघरून. त्याने ऐकलं.

हे जळगावातलं, सत्त्याण्णव सालचं. आठ महिने तो एकच औषध घेत होता. गजर लावून, दिवसातून पाच वेळा. उलट्या व्हायच्या, अंग पांढरं पडायचं. पण तोंडाला चव आली. भरीत-भाकरी खाऊ लागला, मेहरूणच्या तळ्यापर्यंत चालू लागला. मग ताप परतला. कात्रणात कारण होतं. औषध एड्सच्या विषाणूला मारत नाही, त्याची वाढ रोखतं. एकट्या औषधाला तो सरावतो. तीन एकत्र दिली तर दबून राहतो. मला एवढंच विचारायचं होतं, बाकीची दोन मुंबईहून मागवता येतील का?

परतताना रिक्षात भाऊ म्हणाला, "आक्का, खोटं कसाले बोलनी? मी मानूस नही शे का?"

आठवडाभर ते वाक्य कानात राहिलं. मग कळलं. रक्तातून आला तर औषध, नाहीतर मरण, ही वाटणी डॉक्टरांची होती. तिच्यावर सही मी केली होती.

पुन्हा गेले. दार तसंच उघडं.

"अपघात कुठे झाला म्हणालात?"

"झाला नाही. रोग कुठून आला ते सांगणार नाही. औषधं लिहा."

"मग घरी न्या. सेवा करा."

त्यांनी लिहिलं नाही. भाऊ पोळ्याच्या आधी गेला. शेवटच्या दिवशीही गजर लावायला सांगत होता.

त्या कात्रणाची नक्कल मी वाचनालयाच्या फलकावर लावली. दोनदा कुणीतरी फाडली. नवी काढून तिसऱ्यांदा लावली.

भाऊ कशाने गेला असं कुणी विचारलं, तर रोगाचं नाव सांगते. कुठून आला असं विचारलं, तर विचारणाऱ्याकडे बघत राहते. मान त्याने खाली घालायची. मी घालणार नाही.