ओल्या चादरीचं वजन

माझ्या साडूला कारखान्यात सगळे नळबंद म्हणत. खरं नाव हजेरीच्या वेळी तेवढं ऐकू येई. कुठे नळ ठिबकताना दिसला की हा हातातलं काम ठेवून आधी तो बंद करणार. मग ज्यानं उघडा सोडला त्याला शोधून काढणार आणि त्याच्यासमोर गप्प उभा राहणार. शिव्या परवडल्या, पण ह्याचं उभं राहणं नको, असं लोक म्हणत.

कारखाना धुण्याचा होता. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, अभ्रे गाड्या भरून यायचे. धुतलेल्या कपड्यांतलं पाणी काढणारं यंत्र मी चालवायचो. नळबंद फिटर होता. पंप, पाइप, धुलाईची मोठी यंत्रं, सगळं त्याच्याकडे.

शेवटच्या विसळणीचं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं. ते सरळ गटारात जायचं. त्याला ते बघवेना. भंगारात पडलेली एक टाकी त्यानं सुट्टीच्या दिवशी येऊन यंत्रांच्या मागे बसवली, पंप जोडला आणि तेच पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला घ्यायला लावलं. मालकानं पाठीवर थाप मारली. थाप फुकट असते. पण नळबंदला तेवढी पुरली, कारण टाकी चालू झाली होती.

जेवणाचे डबे गरम करायला विजेची शेगडी होती. ती त्यानं बंद करवली आणि वाफेच्या पाइपावर डब्यांसाठी फळी ठोकली. फाटक्या ब्लँकेटचे पट्टे उघड्या पाइपांना गुंडाळले, फक्त फळीखालचा भाग मोकळा ठेवला. एकाच्या डब्याची प्लास्टिकची मूठ त्या फळीवर वितळली. दुसऱ्या दिवशी नळबंदनं त्याला पत्र्याची मूठ बसवून दिली. ती डब्यापेक्षा जड होती. तो माणूस निवृत्त होईपर्यंत तोच डबा आणत होता.

माझं लग्नही त्यानं ह्याच हिशेबानं जमवलं. तुटलेली चप्पल तारेनं शिवताना मी त्याला दिसलो. त्यानं सासऱ्यांना जाऊन सांगितलं, मुलगा चांगला आहे, सहसा टाकत नाही. सासऱ्यांनी त्याचा अर्थ आपल्या परीनं घेतला आणि लगेच होकार दिला. त्याची बायको माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो.

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, मोरी आणि एक अरुंद गॅलरी. घरात माणूस बसेल तिथेच दिवा. भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना. जुन्या पँटच्या पिशव्या, पिशव्या फाटल्या की पायपुसणी. वस्तू मेली की नाही हे ठरवायचा अधिकार त्याचा, आणि तो कुणालाच सहजासहजी मरू देत नसे. पंख्याला दोन वेगळ्या रंगांची पाती होती. वारा मात्र झकास. सगळं घर त्याचं ऐकायचं, एक मोरीतला नळ सोडून. तो दर काही महिन्यांनी ढिला पडायचा. हा पाना घेऊन बसायचा, वॉशर बदलायचा, आवळायचा आणि नळ बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायचा.

कपडे हातानं धुवायचे, हा तिथला नियमच होता. हजारो चादरी धुणारी यंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या घरात धुण्याचं यंत्र नव्हतं. ताई आधी पांढरे कपडे धुवायची, त्याच साबणाच्या पाण्यात मग रंगीत, मग पायपुसणी. उरलेल्या पाण्यानं फरशी पुसायची आणि विसळणीचं पाणी संडासासाठी बादलीत भरून ठेवायची. एक थेंब वाया जात नसे. नळबंद आल्यागेल्याला हे कौतुकानं सांगायचा, आणि खरंच कौतुकाचं होतं. पण पाणी एका बादलीतून दुसऱ्या बादलीत आपल्या पायांनी जात नाही. कारखान्यात ते पंप उचलायचा. घरी ताई उचलायची.

आम्ही दोघं निवृत्त झालो त्यानंतरच्या थंडीत ताईचा खांदा धरला. हात डोक्यापर्यंत जाईना. डॉक्टरांनी पिळायचं नाही, उचलायचं नाही, असं बजावलं. मुलगी दुसऱ्या गावी असते. तिनं फोन केला की वॉशिंग मशीन पाठवते. ह्यानं नको म्हणून सांगितलं.

त्या दिवशी आम्ही नवराबायको तिथेच होतो. फोन ठेवून नळबंद आम्हाला समजावायला लागला. मशीन पाणी किती ओढतं, वीज किती खातं, चार वर्षांत त्याचं भंगार कसं होतं. दोन माणसांचे कपडे ते किती, खांदा बरा होईपर्यंत थोडे थोडे धुवावेत. त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. ताई खांद्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "पाणी वाया जात नाही, वीज वाया जात नाही. ह्या घरात फक्त मी वाया जाते."

आवाज चढला नव्हता. असं काय बोलतेस, एवढंच तो म्हणाला.

आठवड्याभरात मुलगी येऊन ताईला घेऊन गेली. खांदा बरा झाला की येते, असं ताई म्हणाली. उन्हाळा तोंडावर होता. घरी परत येताना माझी बायको म्हणाली, ताईनं शाल बरोबर घेतली, ती लवकर यायची नाही. मग घर येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. साडूसाडू एकाच साच्यातले, असा तिचा जुना समज आहे.

पहिले काही दिवस नळबंद ठीक होता. चहाला आमच्याकडे आला, म्हणाला, ती गेल्यापासून पाण्याचा खप निम्म्यावर आलाय. बोलून गेला, आपलंच बोलणं ऐकलं आणि त्यानं बशी खाली ठेवली. बशीतला चहा निवला. निवलेला चहा त्यानं टाकला नाही, पण प्यायला वेळ लावला.

एका सकाळी मी त्याच्याकडे गेलो तर दार उघडं होतं आणि हा मोरीत गुडघ्यांवर बसलेला. पुढे मोठी चादर. कोरडी चादर पोरसुद्धा खांद्यावर टाकून नेईल. ओली चादर भिजलेल्या पोत्यासारखी असते. ती वर उचलली की पाणी कोपरावरून बगलेत उतरतं, आणि कमरेतून जोर लावला नाही तर पीळ बसत नाही. हे मला माहीत आहे, पण यंत्रात टाकण्यापुरतं. नळबंदच्या बनियनमधून पाणी निथळत होतं.

"एक टोक धर, साडूबुवा," तो म्हणाला.

आम्ही दोन टोकं धरून उलट्या दिशांनी पिळायला लागलो. दोघांची जन्मभराची रोजीरोटी चादरींवर, आणि हातानं पिळलेली ही पहिलीच. माझी मनगटं दुखायला लागली. मधेच थांबून त्यानं विचारलं, ही एकटी कशी पिळत असेल? मी म्हटलं, मला काय माहीत. त्यानं माझ्या हातातलं टोक घेतलं, नळाभोवती गुंडाळलं आणि दुसऱ्या टोकाला पीळ देत तो मागे रेलला. नळ हलला. त्याच्या मुळाशी पाण्याचा थेंब आला, मग दुसरा.

तो बघत राहिला. पाना आणायला उठला नाही.

"मी वॉशर बदलत बसलो," तो म्हणाला. मग पीळ सोडवत म्हणाला, "ती काही बोललीही नाही."

त्यानंतरचं काम त्याच्या हातातलं होतं. भंगारवाल्याकडे एक वॉशिंग मशीन पडलं होतं. आतलं पिंप चांगलं, पंप गेलेला. ते दोन जिने आम्ही दोघांनी चढवलं. अशा यंत्राचं वजन सगळं खालच्या अंगाला असतं आणि खालच्या अंगाला मी होतो. वर पोचल्यावर त्यानं मला पाणी दिलं, पेला पूर्ण भरून, ही त्याच्या दृष्टीनं मोठी गोष्ट. पंप त्यानं खोलला, जुळवला. विसळणीचं पाणी गटारात न जाता मोरीत उंच चौथऱ्यावर बसवलेल्या टाकीत चढेल आणि तिथून नळीनं संडासात उतरेल असं केलं. नळी जोडताना एकच गोष्ट तो पुन्हा पुन्हा बघत होता, की कुठेही बादली उचलावी लागू नये.

मग त्यानं ताईला फोन करून पंपाची हकिकत सांगितली. छान झालं, असं म्हणून तिनं फोन ठेवला. हा आमच्याकडे तोंड पाडून आला. माझ्या बायकोनं त्याला फैलावर घेतलं.

"भाऊजी, पंप दुरुस्त झाला म्हणून बाई परत येत नसते. जा तिकडे आणि तोंडानं सांगा."

तो गेला. तिथे काय झालं ते मुलीनं नंतर सांगितलं. दुपारभर खुर्चीच्या टोकावर बसून होता, जावयाशी हवापाण्याचं बोलत होता. निघायची वेळ झाली तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, आजपासून धुणं माझं, मशीन असो नसो. तू फक्त येऊन बघ. ताई म्हणाली, बघून येते. एक छोटी पिशवी घेतली आणि निघाली. त्या पिशवीत दोन दिवसांचेच कपडे होते. मुलीनं हे आम्हाला मुद्दाम सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. नळबंदनं आमच्यासमोर मशीनला कपडे लावले. ताई खुर्चीवर बसली होती. मशीन थांबलं तशी ती सवयीनं उठली. त्यानं खुर्ची तिच्या मागे सरकवली. ती बसली. मग ह्यानं गॅलरीत कपडे वाळत घातले. सदरे उलटे, चादरीला मधेच झोळ. ताईच्या कपाळावर आठी आली, पण ती बोलली नाही, आणि मशीन किती पाणी घेतं तेही त्यानं सांगितलं नाही. मी त्याला ओळखतो. ते न सांगायला त्याला चादर पिळण्याएवढेच कष्ट पडले.

मग ताई म्हणाली, खांदा शेकायला सकाळ-संध्याकाळ पातेलंभर गरम पाणी लागतं. गॅस बराच वेळ चालतो. लेकीकडे तसली अडचण नाही.

"सकाळ-संध्याकाळच का," तो म्हणाला. "दुखेल तेव्हा सांग."

आणि लगेच आत गेला. पातेलं ठेवल्याचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आला, आणि त्याच्या पाठोपाठ पातेल्यावर झाकण घट्ट बसवल्याचा. ताईनं माझ्या बायकोकडे पाहिलं. दोघी बहिणी तोंडाला पदर लावून हसल्या. आतून त्यानं विचारलं, काय झालं?

पाणी तापलं. त्यानं पिशवी भरून, फडक्यात गुंडाळून आणली आणि ताईच्या खांद्यावर धरली. ती नीट बसेपर्यंत हात काढला नाही. ताईनं डोळे मिटले. थोड्या वेळानं माझ्या बायकोला म्हणाली, "पोरीला फोन लाव गं. म्हणावं, उद्या माझी वाट बघू नको."